साधी वॅगन आर हाताने रंगवली : अनुभव, चुका आणि एक अडलेला प्रश्न

रानजाई (९ मार्च, रात्री १०:४२)

नमस्कार मंडळी, बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज शाळेच्या पेपर तपासणीतून जरा मोकळी झाले म्हणून बसले. मोठं होणार आहे, सांभाळून घ्या.

आमची वॅगन आर २००९ ची, पांढरी. पंधरा वर्षं झाली म्हणून आरसी रिन्यू करायची वेळ आली तेव्हा घरात एकच विषय, ही काढूया का. इंजिन ठणठणीत, पण रंग पार खडूसारखा झालेला, बॉनेटवर हात फिरवला की बोटांना पांढरं लागायचं. या गाडीने मी पंधरा वर्षं कोल्हापूर ते वैभववाडी केलंय, सासर ते माहेर. कळे, साळवण, गगनबावडा आणि मग करूळचा घाट उतरून खाली. बाबांना शेवटचं दवाखान्यात आणलं ते याच गाडीतून आणि मुलगी बारा दिवसांची असताना घरी आली ती पण याच गाडीतून. मला ती विकवेना. मी चित्रकला शिकवते, बावीस वर्षं झाली, आणि एवढ्या वर्षांत मुलांच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या नादात स्वतःचं असं मोठं चित्र काढलंच नव्हतं. म्हटलं कागद समोर उभा आहे की, चार चाकांवर.

विषय ठरवायला दोन महिने गेले. आधी फुलं-वेली काढून बघितल्या कागदावर, छान दिसायच्या पण कुणाच्याही गाडीवर चालल्या असत्या. मग एकदा घाट चढताना डोक्यात आलं की गाडीला दोन कुशी आहेत आणि माझ्या रस्त्याला पण दोन कुशी आहेत. डावी बाजू घाटावरची : ऊस, गुऱ्हाळाचा धूर, काळी माती, दाजीपूरचा गवा. उजवी बाजू कोकणची : जांभ्याचा गडगा, फणस, काजू, आमच्या मागच्या दारचं न्हाणीघर. बॉनेट म्हणजे घाट, धुक्यातली वळणं, दरी. छत नुसतं आभाळ, मागे कोकणाकडे पावसाचं आणि पुढे कोरडं. डिकीचं अजून रिकामं आहे, त्याबद्दल शेवटी विचारते.

आता काम. कुणाला करायचं असेल तर माझ्या वेळेतलं निम्म्याहून जास्त काम ब्रश हातात घ्यायच्या आधीचं होतं हे धरून चाला. गाडी शाम्पूने धुतली, मग मेण-तेल काढायचं सोल्युशन लावून पुसली, मग पाणी मारत ६०० आणि ८०० नंबरच्या पॉलिश पेपरने सगळी घासली. उद्देश रंग काढायचा नसतो, चकाकी घालवायची असते. पृष्ठभाग एकसारखा मॅट दिसला की थांबायचं, चकाकणारा एक ठिपका जरी राहिला तरी तिथला नवा रंग पुढे पापुद्र्यासारखा निघतो. जिथे पत्रा उघडा पडला किंवा गंज होता (माझ्याकडे दोन्ही मागच्या चाकांच्या वर आणि दाराच्या खालच्या कडेला) तिथे गंज खरवडून इपॉक्सी प्रायमर, त्यावर पुट्टी, परत घासणं. बंपर प्लास्टिकचे असतात, त्यांना प्लास्टिकचा वेगळा प्रायमर लागतो नाहीतर रंग धरतच नाही. रबरी बीडिंग निघतील ती काढली, बाकी मास्किंग टेप.

रेखाटन मी पाण्याने पुसल्या जाणाऱ्या रंगीत पेन्सिलीने केलं. आणि इथे पहिला धडा मिळाला : कागदावरचं चित्र गाडीवर तसंच बसत नाही. दाराच्या फुगवट्यावर काढलेलं गोल सूर्यबिंब पंधरा फुटांवरून बघितलं तर अंडं दिसत होतं. त्यामुळे दर अर्ध्या तासाने लांब जाऊन बघायचं आणि बसून पण बघायचं, कारण रस्त्यावर लहान मुलं गाडी खालून बघतात. दाराच्या फटी ही पण एक गोष्ट. गव्याचं डोकं आधी बरोबर फटीवर आलेलं, दार उघडलं की गळा चिरल्यासारखं दिसायचं, म्हणून अख्खा गवा एक वीत मागे सरकवला.

आता चूक सांगते, कारण त्यासाठीच हा धागा. पहिल्यांदा मी डावी बाजू ऑइल पेंटने, म्हणजे आपला डब्यातला सिंथेटिक इनॅमल, त्याने रंगवली. ब्रश इतका सुंदर चालतो त्याचा, ओघळत नाही, एका ओढीत रेष येते. हाताला कोरडा लागला म्हणून सहाव्या दिवशी गाडी एका गॅरेजला क्लिअर कोट (वरचा पारदर्शक संरक्षक थर) मारायला दिली. फवारा बसला आणि दहा मिनिटांत सगळा ऊस सुरकुतला. अक्षरशः दुधावरची साय जशी गोळा होते तसा. तीन आठवड्यांचं काम. मी तिथेच खुर्ची घेऊन बसून राहिले, घरी फोन करायचं पण सुचेना. नंतर समजून घेतलं की हा रंग वरून कोरडा वाटला तरी आत कित्येक आठवडे कच्चा असतो आणि हार्डनरवाल्या क्लिअरमधलं थिनर आत शिरून त्याला उचलतं.

सगळं घासून परत सुरुवात. दुसऱ्यांदा ॲक्रिलिक वापरलं, पातळ थर, एकावर एक, प्रत्येक थर पूर्ण वाळू देऊन. ॲक्रिलिक पटकन वाळतं त्यामुळे ती लांब ओढ मिळत नाही, ती मला अजून डाचते. पण त्यावर टूके (म्हणजे हार्डनर मिसळून मारायच्या) क्लिअरचे तीन हात बसले आणि काही उचललं नाही. डिसेंबर ते फेब्रुवारी असं तीन महिने, शनिवार-रविवार आणि रोज संध्याकाळी एक तास.

आता प्रश्न. डिकीवर मला एसटीच्या पाटीसारखी अक्षरं हवीत : वैभववाडी - गगनबावडा - कोल्हापूर. चित्र काढता येतं म्हणजे अक्षर काढता येतं असं नाही, आठ वेळा काढून पुसलं. माझी अक्षरं चित्रासारखी दिसतात, पाटीसारखी दिसत नाहीत. कुणी जुना पेंटर माहीत आहे का कोल्हापूर-इचलकरंजी भागात?

---

मधुरा९

अगं कसलं भारी!! बॉनेटचा फोटो बघून पाच मिनिटं थांबले, ते धुकं कसं काढलंस? ब्रशनेच?

रानजाई

@मधुरा९ हो ब्रशनेच, पण ब्रश जवळजवळ कोरडा ठेवून. पांढऱ्यात किंचित निळा आणि अगदी चिमूटभर गेरू, आणि जुन्या सुती साडीच्या बोळ्याने टिपत गेले. आठ-नऊ थर आहेत. धुकं नुसत्या पांढऱ्याने काढलं की चुना फासल्यासारखं दिसतं.

---

वाहन_सल्ला

चित्र अप्रतिम. पण हा धागा वाचून अजून चार जण गाडीला ब्रश लावतील म्हणून नियमांचं लिहून ठेवतो.

गाडीचा रंग आरसीवर नोंदलेला असतो. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ वाचून घ्या, आरसीवरच्या नोंदीशी न जुळणारा बदल केला की आरटीओत नोंद करावी लागते. मूळ रंग बहुतेक झाकला जाणार असेल तर काम सुरू करण्याआधीच जाऊन विचारा, नंतर नाकाबंदीला उभं राहून समजावण्यापेक्षा ते सोपं. दुसरं, ऑलिव्ह ग्रीन, म्हणजे लष्कराच्या गाड्यांचा हिरवा, तो खासगी गाडीला चालत नाही, केंद्रीय मोटार वाहन नियमांत १२१ नंबरच्या नियमात स्पष्ट आहे. झाडीचं चित्र काढताना अख्खी गाडी त्या रंगात जाणार नाही एवढं बघा.

काचांना हात लावू नका. पुढची-मागची काच ७० टक्के आणि बाजूच्या ५० टक्के पारदर्शक असायला लागतात आणि २०१२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून फिल्मच्या बाबतीत तर फारच कडक आहेत. दिवे, इंडिकेटर, रिफ्लेक्टर उघडे. नंबर प्लेट तर विषयच नको, १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना पण आता एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर प्लेट) सक्तीची आहे, त्यावर नक्षी-बिक्षी काही नाही. आणि इन्शुरन्स कंपनीला लेखी कळवा, फोनवर नको.

रानजाई

धन्यवाद, हे मी मूळ लेखात लिहायला हवं होतं. मी आधी अर्ज केला, कागदावरची रेखाटनं जोडली, काम झाल्यावर गाडी नेऊन दाखवली आणि रंगाची नोंद बदलून घेतली. दोन फेऱ्या झाल्या. तिथल्या एका साहेबांनी गुऱ्हाळ ओळखून कुठल्या गावचं म्हणून विचारलं, ते मला फार बरं वाटलं. इन्शुरन्सला पत्र दिलंय, पण धडक झाली तर पत्रा आणि साधा रंग भरून मिळेल, चित्र मिळणार नाही हे मनात धरूनच चाललेय.

---

डेंटिंगवाला_सांगली

ताई नमस्कार. माझं स्वतःचं डेंटिंग-पेंटिंगचं आहे, सतरा वर्षं झाली. तुमचा ऊस सुरकुतला ते वाचून पोटात गोळा आला कारण हे मी पण एकदा करून बसलोय, एका ट्रॅक्टरवर. कारण तुम्ही बरोबर लिहिलंय. ज्यांना ऑइल पेंटच वापरायचाय त्यांनी एकतर त्यावर क्लिअर मारूच नये, तो स्वतः चांगला टिकतो, ट्रकवाले वर्षानुवर्षं तसेच फिरतात. किंवा निदान दोन महिने उन्हात फिरवून मग, आणि पहिला हात एकदम हलका, नुसता धुरळा बसल्यासारखा, अर्धा तास थांबून दुसरा. आधी बोनेटच्या खाली कोपऱ्यात एक वीतभर तुकडा रंगवून तिथे टेस्ट घ्या, तिथे उचललं तर गाडीवर पण उचलणार.

अजून एक महत्त्वाचं, कृपा करून टूके क्लिअर घरच्या पोर्चमध्ये कुणी मारू नका. त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, साधा कापडी मास्क नाही चालत, दम्याचा त्रास कायमचा लागतो. माझ्याकडे काम करणाऱ्या एका पोराला लागलाय, आता तो फवारणीच्या खोलीत पाऊल पण ठेवत नाही, त्याला घासाईला ठेवलंय. ब्रशचं सगळं काम घरी करा, फवारा मात्र बूथ असलेल्या गॅरेजमध्येच मारून घ्या.

क्लिअर झाल्यावर महिनाभर प्रेशर वॉशर नको, मेण-पॉलिश दोन महिने नको. रबिंग कंपाउंड तर कधीच नको, क्लिअर झिजत झिजत चित्रापर्यंत पोचाल. पक्ष्यांची शिट पडली की त्याच दिवशी ओल्या फडक्याने, घासू नका, भिजवून उचला.

चाकोरी_बाहेर

@डेंटिंगवाला एक विचारायचं होतं, एवढं सगळं करण्यापेक्षा चित्र प्रिंट करून विनाइल रॅप (गाडीवर चिकटवायची फिल्म) का नाही? चार-पाच वर्षांनी कंटाळा आला की काढता येतं, मूळ रंग पण वाचतो, विकताना त्रास नाही.

डेंटिंगवाला_सांगली

रॅप चांगलाच आहे, मी पण करून देतो. विकायची असेल तर रॅपच करा. पण खडूसारख्या झालेल्या जुन्या रंगावर रॅप नीट चिकटत नाही आणि काढताना खालचा कच्चा रंग घेऊन येतो, म्हणजे घासाई तुम्हाला तेव्हा पण चुकत नाही.

रानजाई

@चाकोरी_बाहेर तुमचा मुद्दा बरोबर आहे हिशोबाने. माझं एवढंच, की मी दाराजवळ वाकून फणस काढत होते तेव्हा शेजारच्या आजी रोज येऊन बसायच्या आणि एके दिवशी म्हणाल्या फणसाचे काटे असे नसतात, बोथट असतात कोवळ्या फणसाचे, आणि मी ते पुसून परत काढले. प्रिंटमध्ये हे झालं नसतं. ते काटे आता त्यांचे आहेत. आणि मला ही गाडी विकायचीच नाहीये.

---

जेजे_कट्टा

अतिशय मनापासून केलेलं काम आहे आणि लिहिलंय पण तसंच.

गाडीवर चित्र म्हटलं की बीएमडब्ल्यूच्या आर्ट कार आठवतात. १९७५ मध्ये एर्व्हे पूलँ नावाच्या फ्रेंच लिलावदाराने, तो स्वतः रेसिंग पण करायचा, अलेक्झांडर काल्डरकडून आपली गाडी रंगवून घेतली आणि ती ल मानच्या शर्यतीत पळवली. तिथून ती मालिका सुरू झाली. पण काल्डरने रंगवलं ते छोट्या मॉडेलवर, मग ते मोठ्या गाडीवर उतरवलं गेलं. १९७९ मध्ये वॉरहॉलने मात्र थेट गाडीवरच स्वतः ब्रश चालवला, तो पण अर्ध्या तासाच्या आत. रंग ओला असतानाच बोटांनी आणि ब्रशच्या मागच्या टोकाने ओरखडे काढले, ते अजून दिसतात.

माझी सगळ्यात आवडती मात्र १९९१ ची एस्थर म्हालांगूंची. दक्षिण आफ्रिकेतल्या एनडेबेले समाजातल्या बाई, आपल्या आई-आजीकडून घराच्या भिंती रंगवायला शिकलेल्या, कोंबडीच्या पिसाने रेषा ओढणाऱ्या. त्यांनी तीच भिंत गाडीवर आणली. त्या मालिकेतल्या पहिल्या स्त्री कलाकार. त्यांच्या गाडीकडे बघताना गाडीचा वेग वगैरे काही डोक्यात येत नाही, घर दिसतं. तुमच्या गाडीचं न्हाणीघर बघून मला तेच झालं म्हणून एवढं लिहिलं.

रानजाई

म्हालांगूंची गाडी आत्ता शोधून बघितली. किती वेळ बघत बसले. काळ्या रेषेने आधी चौकट आणि मग आत रंग, आणि दाराच्या फटी त्यांनी रेषांमध्येच जिरवून टाकल्यात, मी तीन दिवस त्या फटींशी भांडत होते. उद्या वर्गात मुलांना दाखवणार.

---

गिरगावकर

आमच्याकडे मुंबईत काळीपिवळी पद्मिनी टॅक्सी टपापासून सीटपर्यंत सजवलेल्या असायच्या, देव, फुलं, आरशाभोवती झालर. २०१५ च्या सुमारास टॅक्सी फॅब्रिक नावाच्या उपक्रमात तरुण डिझायनर मुलांनी टॅक्सीच्या सीट आणि छताच्या आतल्या कापडावर चित्रं केली होती, मी एकदा तशा टॅक्सीत बसलोय, दादरहून फोर्टपर्यंत वर बघतच गेलो. ऑक्टोबर २०२३ च्या शेवटी पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेल्या. त्यातली एक तरी कुणी घेऊन बाहेरून रंगवायला हवी होती असं फार वाटतं.

---

मधुरा९

मी पण ठरवलंय, माझ्या अल्टोवर वारली काढणार! स्टेन्सिल ऑनलाइन मिळतात, मधे मोठा चौक आणि भोवती तारपा नाच. गेरू रंग आणि पांढरं, दोनच रंग म्हणजे सोपं पण जाईल ना?

तारपा_डहाणू

@मधुरा९ ताई, राग मानू नका, मी वारली आहे, आमच्या घरात आजी लग्नाचे चौक (भिंतीवरचं चौकोनी पूजेचं चित्र) लिहायची म्हणून सांगतो. आमच्याकडे चौक 'काढत' नाहीत, लिहितात. लग्नाच्या वेळी सवाशिणी लिहितात, आत पालघट देवी असते, त्या वेळची गाणी असतात. ती आमची पूजा आहे. ती गाडीच्या दारावर, जिथे चिखल उडणार, लोक पाय टेकवणार, तिथे बघून माझ्या आईला वाईट वाटेल.

नाच काढा, शेत काढा, झाडं, मासे, ताडी काढणारा माणूस, ते सगळं आहे. जिव्या सोमा मशे यांनीच लग्नाच्या भिंतीवरून ही चित्रं कागदावर आणली, रोजचं जगणं त्यात आणलं, त्यांना २०११ ला पद्मश्री मिळाली. म्हणजे चित्र भिंतीबाहेर जाऊ नये असं मी म्हणतच नाही. पण स्टेन्सिलमध्ये नाच उलटा असतो बऱ्याचदा. नाचणारे तारपा (आमचं फुंकून वाजवायचं वाद्य) वाजवणाऱ्याच्या मागे फिरतात, त्याला पाठ दाखवत नाहीत. रांगेचं एक टोक उघडं असतं आणि ती गुंडाळत आत येते, नुसतं बंद वर्तुळ नसतं.

आणि दोन रंग म्हणजे सोपं असं नाही ताई. बांबूची काडी चावून केलेल्या कुंचल्याने तांदळाच्या पिठाची रेष हातातून यायला वर्षं जातात. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन आहे. आमच्या भागात शिकलेले, हातात कला असलेले खूप तरुण आहेत. त्यांच्यातल्या कुणाला बोलवा, राहायची सोय करा, कामाचे नीट पैसे द्या, गाडीवर खाली त्याची सही घ्या. गाडी तुमचीच राहील आणि चित्र खरं राहील.

मधुरा९

हे मला खरंच माहीत नव्हतं, सांगितलंत ते फार बरं केलंत. स्टेन्सिलची ऑर्डर कॅन्सल केली. दादा, तुमच्या ओळखीत कुणी असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) कराल का? मी ठाण्यात आहे, मे महिन्यात आठ दिवस गाडी लागणार नाही.

तारपा_डहाणू

करतो. माझा मामेभाऊच आहे. पण मेमध्ये लग्नं असतात, जूनच्या पहिल्या आठवड्यात जमेल का बघा, पाऊस लागायच्या आत.

रानजाई

@तारपा_डहाणू मी दरवर्षी सातवीला वारली शिकवते आणि चौक पण काढून घेते मुलांकडून, पुस्तकात आहे म्हणून. 'लिहितात' हा शब्द मी आज पहिल्यांदा ऐकला. या वर्षीपासून वेगळं शिकवेन. आभार मानते.

---

सुमा_टेक्सास

ह्यूस्टनहून लिहितेय. इथे दर वर्षी वसंतात आर्ट कार परेड असते, १९८८ पासून. अडीचशेच्या आसपास गाड्या येतात, कुणी गाडीवर फळं चिकटवलेली, कुणी बाटल्यांची बुचं, कुणी अख्खी गाडी ससा केलेली. आम्ही पोरांना घेऊन दर वर्षी सकाळी जाऊन जागा धरतो. मला त्यातल्या हाताने रंगवलेल्या गाड्या जास्त आवडतात आणि त्यांचे मालक सगळे एक गोष्ट सांगतात, की ऊन सगळ्यात मोठा शत्रू. टेक्सासचं ऊन आणि आपलं ऊन सारखंच. एका आजोबांच्या गाडीवर गुलाबी आणि जांभळी फुलं होती, तीन वर्षांत फुलं करडी झाली आणि पानं मात्र तशीच. तुमचे कुठले रंग टिकतील असं वाटतं?

रानजाई

सुमाताई, ससा! फोटो टाका ना. रंगांचं म्हणाल तर मातीचे रंग सगळ्यात भरवशाचे, गेरू, यलो ऑकर, अंबर, कारण ते मुळातच ऊन खाऊन बसलेले असतात. थॅलो निळा आणि हिरवा पण टिकतात. झगझगीत गुलाबी, फ्लोरोसंट, बरेच जांभळे लवकर जातात. ट्यूबवर लाइटफास्टनेसची, म्हणजे रंग उजेडात किती टिकतो त्याची खूण असते, चांगल्या कंपनीच्या ट्यूबवरच असते, ती बघून घेतले. कोकमाच्या फळांचा लाल मला मनासारखा मिळत होता तो टिकणारा नव्हता, म्हणून तो सोडून थोडा विटकरीकडे झुकणारा घेतला. छत आणि बॉनेटला सरळ ऊन, तिथे टिकाऊ रंग, आणि बाजूंना थोडी मोकळीक. आणि गाडी आता पत्र्याच्या शेडखाली असते, पूर्वी उघड्यावर असायची.

चाकोरी_बाहेर

ब्रश कुठले वापरले ते पण सांगा.

रानजाई

सगळे सिंथेटिक. दोन इंची सपाट, अर्धा इंची, आणि रेषांसाठी लांब केसांचा बारीक. बाजारात अजून कुणी कुणी हळूच मुंगसाच्या केसांचे दाखवतात, घेऊ नका. वन्यजीव कायद्याने बंदी आहे आणि एका ब्रशसाठी जीव जातो त्याचा. मी कॉलेजात असताना नकळत वापरलाय, समजल्यापासून नाही.

---

पेंटरचा_मुलगा (१४ मार्च, सकाळी ७:१५)

ताई, धागा आज वाचला. माझे वडील इचलकरंजीला पेंटर होते, दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागची अक्षरं, जत्रेच्या कमानी. फ्लेक्स आल्यावर काम कमी होत होत बंद झालं, शेवटची काही वर्षं नुसते ट्रकचे नंबर. आता त्यांचं वय ७३. तुमचा प्रश्न त्यांना वाचून दाखवला आणि ते म्हणाले ती बाई अक्षर भरतेय, ओढत नाही. म्हणजे बाहेरून रेघ काढून आत रंग भरताय, बरोबर का? पाटीचं अक्षर ब्रशच्याच रुंदीचं असतं, एक ओढ म्हणजे एक काना. मनगट नाही हलवायचं, खांद्यापासून हात. हाताखाली काठी धरायची, टोकाला फडकं गुंडाळलेली, म्हणजे पत्र्याला हात लागत नाही.

आधी दोरीला खडूची पूड लावून दोन्ही टोकं धरून टिचकी मारायची, शिरोरेषेची सरळ रेघ मिळते. तुमची डिकी मधे फुगलेली आहे तर दोरी सरळ मारली तरी लांबून वाकलेली दिसेल, म्हणून मधे अर्धा सूत खाली घ्यायची असं ते म्हणतात. मोठं काम असलं तर कागदावर अक्षरं काढून रेषेवर सुईने भोकं पाडायची, आणि पुरचुंडीत गेरूची पूड बांधून वरून थोपटायची, खाली ठिपके उमटतात. खाका म्हणतात त्याला.

आणि रंग ऑइल पेंटच. ॲक्रिलिकमध्ये ओढ येणार नाही म्हणतात. वरून क्लिअर नको, अक्षरं तशीच राहू द्या. क्लिअर कोटावर अक्षरांपुरतं अगदी बारीक पेपरने हलकं घासून घ्या.

रानजाई

हो! भरतेच आहे मी, बाहेरून रेघ काढून. बावीस वर्षं मुलांना सुलेखन शिकवते आणि हे कुणी सांगितलं नव्हतं. बाबांना माझा नमस्कार सांगा. ते स्वतः लिहून देतील का? मी गाडी घेऊन येते, मला नुसतं बाजूला उभं राहून बघू द्या.

पेंटरचा_मुलगा

विचारलं. हात थरथरतो आता, म्हणून आधी नको म्हणाले. संध्याकाळी स्वतःहून माळ्यावरची ब्रशची पत्र्याची पेटी काढायला सांगितली. ब्रश गोड्या तेलात भिजवून ठेवले होते, दर दिवाळीला तेल बदलायचे, आम्हाला कुणाला माहीत पण नव्हतं कशासाठी. येत्या रविवारी सकाळी या, साडेसातच्या आत, पत्रा तापला की रंग ओढत नाही म्हणतात. आणि विचारलंय की अक्षरं सरळ की कलती, आणि सावली कुठल्या बाजूला.

रानजाई

सरळ. सावली त्यांना वाटेल तिथे. पत्ता व्यनि करा.

---

रानजाई (१७ मार्च, दुपारी ३:०५)

फोटो टाकलाय. वैभववाडी - गगनबावडा - कोल्हापूर, पिवळ्यावर काळी अक्षरं आणि लाल सावली डावीकडे खाली. पहिलं 'वै' लिहायला त्यांना वीस मिनिटं लागली, दोनदा रॉकेलच्या फडक्याने पुसलं. 'गगनबावडा' लिहिलं तेव्हा मी घड्याळ बघितलं नाही पण चहा गरम होता तोवर झालं होतं. शेवटी खाली कोपऱ्यात मी सही करा म्हटलं तर म्हणाले पाटीवर पेंटरचं नाव बारीक असतं, आणि 'ढ' एवढ्या जागेत पूर्ण नाव आणि गाव लिहिलं. पैसे घेत नव्हते, मुलाने मधे पडून घ्यायला लावले.

शेवटचा 'र' त्यांनी मला ओढायला दिला. आधी कागदावर बारा वेळा. जरा जाड झालाय, बघितलं तर कळेल.

डेंटिंगवाला_सांगली

कळत नाही ताई. मी झूम करून बघितलं.

पेंटरचा_मुलगा

बाबांना कळतंय. पण ते म्हणाले राहू दे, पुढच्या वेळी गाडी आणेल तेव्हा दुसऱ्या बाजूला तिलाच लिहायला लावतो. ताई, आमच्या गल्लीतल्या एकाने काल त्याच्या रिक्षाच्या मागे लिहून हवंय म्हणून विचारलंय. ब्रश परत पेटीत गेले नाहीत अजून, खिडकीत ठेवलेत.

---

मधुरा९ (८ ऑक्टोबर)

धागा वर काढतेय. माझी अल्टो झाली!! तारपा_डहाणू यांच्या मामेभावाने सहा दिवसांत केली, डाव्या बाजूला भातलावणी, उजव्या बाजूला नाच, रांग उघडी आहे :) मागे खाली त्याची सही. @रानजाई तुझ्या गाडीचा पावसाळा कसा गेला ते सांग ना.

रानजाई (९ ऑक्टोबर)

मधुरा, फोटो बघितले, लावणीच्या बायकांच्या पाठीचा बाक काय सुंदर आलाय! एका रेषेत.

आमचा पावसाळा : घाटातून सात फेऱ्या झाल्या. वरचं सगळं शाबूत, बॉनेटचं धुकं जसंच्या तसं. मागच्या दोन्ही चाकांच्या पुढे खाली, जिथे खडी उडते, तिथे तांदळाएवढे टवके गेलेत, मोजून अकरा, डावीकडे सात आणि उजवीकडे चार. तिथे आधीच जाड क्लिअर किंवा पारदर्शक फिल्म लावायला हवी होती, पुढच्या माणसाने लावावी. उघड्या पत्र्याला लगेच प्रायमर लावला नाहीतर गंज धरतो. डावीकडचे सात टवके ऊस-मातीत होते तिथे मी सात बगळे बसवले. उजवीकडचे चार जांभ्यावर आहेत, जांभ्याला भोकं असतातच, त्यामुळे नुसता रंग मिळवला. डिकीची अक्षरं क्लिअरशिवाय आहेत, त्यांना काही म्हणजे काही झालेलं नाही.

तारपा_डहाणू

बगळ्यांचा फोटो टाका.

रानजाई

टाकला. सातवा अजून ओला आहे.